प्रभाग २०११ चे, मतदार २०२५ चे : पुण्याची नवी प्रभागरचना

सूसरोडवासी
नोव्हेंबर २०२५. पुणे महापालिकेच्या प्रारूप मतदार याद्या आल्यात. मतदार साधारण साडेपस्तीस लाख. आणि ज्या लोकसंख्येवर ही प्रभागरचना केली आहे, ती ३४ लाख ८१ हजार. म्हणजे तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे धरून जेवढी माणसं, त्याहून नुसते मतदारच जास्त. कारण उघड आहे. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आणि मतदार आजचे.

आता रचना बघा. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. ४० प्रभाग चार-चार जणांचे, आंबेगाव-कात्रजकडचा एकच पाच जणांचा. एका नगरसेवकामागे साधारण २१ हजार लोक, म्हणजे चौघांच्या प्रभागाला ८४ हजार. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. कागदावर सगळे प्रभाग जुळ्या भावंडांसारखे. पण मतदार मोजले तर आमच्या सूस-बाणेर-पाषाण प्रभागात दीड लाखाच्या पुढे आणि अप्पर-सुपर इंदिरानगरात साठ हजारांच्या घरात. नगरसेवक दोघांनाही चारच.

मी २०१४ ला इथे राहायला आलो. त्याआधी आमच्या सोसायटीच्या जागी शेत होतं. म्हणजे प्रभागरचनेच्या हिशोबात मी, बायको, दोन मुलं आणि आख्ख्या चार बिल्डिंगा मिळून शून्य.

माझे प्रश्न दोन. जुने आकडे वापरायचे नव्हते तर दुसरा मार्ग काय होता, मतदारसंख्या की नवीन जनगणनेची वाट? आणि चार सदस्यांचा प्रभाग तुम्हाला सोयीचा वाटतो का? पक्षांवर घसरू नका ही विनंती. (होणार नाही हे माहीत आहे, तरी.)

पेठेतलाच
आमच्या वाड्यात २०११ ला अकरा बिऱ्हाडं होती. आता चार. पोरं आधी कोथरूडला गेली, मग कॅलिफोर्नियाला. तरी नगरसेवकांच्या हिशोबात अकरा बिऱ्हाडं अजून नांदतायत. याला म्हणतात वडिलोपार्जित हक्क. :)

सूसरोडवासी
@पेठेतलाच, त्या हक्कात आमचाही हिस्सा निघतो. वारसनोंद लावून घ्या.

गणित_काका
ही १६५ कुठून आली ते आधी समजून घेऊ, म्हणजे भांडण नीट होईल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५ मध्ये कोष्टक आहे. लोकसंख्या ३० लाखांच्या वर असेल तर १६१ नगरसेवक, आणि पुढच्या प्रत्येक एक लाखाला एक जादा, कमाल १७५. २०१७ च्या निवडणुकीला पुण्याची लोकसंख्या धरली ३१ लाख २४ हजार, म्हणून १६२. मग आजूबाजूची गावं महापालिकेत आली. त्या गावांची २०११ ची लोकसंख्या मिळवून झाले ३४ लाख ८१ हजार, म्हणून १६५. त्या तीन जागा गावांच्या आहेत. शहर वाढल्याची एकही नाही.

पिंपरी-चिंचवडची गंमत बघा. १२ लाखांच्या वर गेलं की ११५, आणि पुढे दर ४० हजारांना एक. २०११ चे १७ लाख २७ हजार टाका, १२८ येतात. २०१७ ला १२८, आता १२८. वाकड, रावेत, मोशी, पुनावळे इथे दरम्यान काय काय उभं राहिलं ते हिंजवडीला रोज जाणाऱ्यांना विचारा. सूत्रात तो माणूसच नाही.

वाकडचा_वाटसरू
रोज जाणारा हजर आहे. बोलायला वेळ नाही, सिग्नल सुटला.

कायद्याचं_बोला
धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर : दुसरा मार्ग कायद्यात नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांचा जो भाग घटनेत आला, त्यात 'लोकसंख्या' म्हणजे काय ते लिहूनच ठेवलंय. ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत अशी सर्वांत अलीकडची जनगणना. २०२१ ची झालीच नाही. पुढची २०२७ ची, १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची. तोवर कायद्याच्या दृष्टीने आपण सगळे २०११ मध्येच राहतो.

मधल्या काळात वळसा घालायचा एक प्रयत्न झाला होता. दशकभरात शहरं वाढली असणार असा अंदाज धरून २०२१-२२ मध्ये नगरसेवकांची संख्या वाढवली. मुंबईत २२७ च्या २३६, पुण्यात तीन सदस्यांचे प्रभाग करून १७३. सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये ते फिरवलं गेलं, पुन्हा २०११ चा आकडा आणि चारचा प्रभाग. प्रकरण न्यायालयात गेलं, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आधीपासून तिथे होताच, आणि निवडणूक लटकली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं. त्यालाही मुदतवाढ मिळून ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठरली. यात आणखी दोन वर्षं जनगणनेसाठी थांबा म्हणणं म्हणजे मार्च २०२२ पासूनचं प्रशासकराज २०२८ पर्यंत न्या म्हणणं. मी तरी त्याला तयार नाही.

चिंतामणी
>> मतदारसंख्येवर प्रभाग

याला माझा विरोध. पाणी, कचरा, शाळा, दवाखाना हे काय मतदार यादी बघून देतात का? मांजरीच्या वीटभट्टीवरचं कुटुंब, बांधकामावरचे मजूर, शाळकरी पोरं, गावाकडे नाव ठेवून इथे भाड्याने राहणारे, हे सगळे शहर वापरतात. प्रतिनिधी मतदारांचा नसतो, रहिवाशांचा असतो. शिवाय त्या याद्यांत तीन लाखांच्या आसपास दुबार नावं निघालीत. मुडद्यांची वेगळी. असल्या यादीवर नगरसेवक वाटायचे?

सूसरोडवासी
@चिंतामणी, मुद्दा पटतो. पण मग २०११ च्या आकड्यात तो बांधकाम मजूर आहे का? तो तेव्हा कदाचित शाळेत असेल, बीडला. दोन्ही याद्या चुकीच्या, त्यातली कमी चुकीची कोणती एवढाच प्रश्न आहे.

गणित_काका
अंदाजाचं शास्त्र आहे की. दोन जनगणनांचा वेग काढून पुढचं गणित मांडतात, पाणीपुरवठ्याच्या योजना तशाच होतात. चोवीस तास पाण्याच्या टाक्या बांधताना २०४७ ची लोकसंख्या चालते, नगरसेवक मोजताना २०११.

कायद्याचं_बोला
टाकीचा अंदाज चुकला तर टाकी अर्धी राहते. नगरसेवकांचा अंदाज कोण करणार यावर मारामाऱ्या होतील. शिरगणती निदान दाखवता येते.

टोरांटोतला_पुणेकर
अंदाजावर प्रभाग करतात हो लोक. आमच्याकडे शहराने प्रभागांचा आढावा घेतला तेव्हा २०२६ ची अपेक्षित लोकसंख्या धरली होती. कारण डाउनटाउनमध्ये टॉवरवर टॉवर चढत होते, आज सारखे केलेले प्रभाग पुढच्या निवडणुकीला वाकडे झाले असते. ४४ चे ४७ प्रभाग ठरले, परिषदेत मंजूर झाले, २०१८ च्या निवडणुकीचे अर्जसुद्धा भरणं चालू झालं.

आणि मग प्रांताच्या सरकारने, म्हणजे आपल्या राज्य सरकारसारखंच समजा, ऐन मोसमात कायदा करून ४७ चे २५ करून टाकले. खासदारकीचे मतदारसंघ तेच महापालिकेचे वॉर्ड. एका नगरसेवकामागे लाखाच्या वर माणसं. शहर कोर्टात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत, २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार असं हरलं. कारण काय, तर घटनेत शहराला स्वतःचं स्थानच नाही, प्रांत म्हणेल तसं. त्यामुळे तुमची ७४ वी घटनादुरुस्ती अगदीच टाकाऊ समजू नका. आमच्याकडे तीही नाही.

पेठेतलाच
लाखाला एक नगरसेवक? मग बाकडी कोण बसवतं तुमच्याकडे?

टोरांटोतला_पुणेकर
बाकं आहेत, पण त्यावर 'मा. नगरसेवक यांच्या सौजन्याने' असं लिहिलेलं नसल्यामुळे बसल्यासारखं वाटत नाही.

मंगळवार_कोल्हापूर
काय राव, २१ हजाराला एक म्हणून रडताय. आमच्याकडं साडेपाच लाखाला ८१ हायत. म्हणजे सात हजारबी नाहीत एकाला. नगरसेवक गल्लीत गाठ पडतोय, चहाच्या टपरीवर पडतोय, तालमीत पडतोय. पण त्याचं कारण काय चांगलं न्हाई. १९७२ ला महापालिका झाली, तवापासून हद्दवाढ न्हाई. शहर वाढलंय, पर वाढलेलं शहर शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत ऱ्हातंय. तुमच्याकडं गावं ओढून आत घेत्यात, आमच्याकडं हद्दवाढ म्हटलं की गावं बंद पाळत्यात.

आणि यंदा आमालाबी चारचा प्रभाग लावला. २०१५ ला एक वॉर्ड एक नगरसेवक होता, ८१ वॉर्ड. आता तेच ८१, पर प्रभाग २०. शेवटचा पाचाचा. आता चार गल्ल्यांची चार मंडळं एका प्रभागात. नाद खुळा होणार हाय.

मृण्मयी_वाघोली
इथे बरेच जण एका मताची किंमत कुठे कमी, कुठे जास्त यावर बोलतायत. आमच्या मताची किंमत गेली चार वर्षं शून्य आहे, त्याबद्दल थोडं लिहिते.

वाघोली महापालिकेत आली ३० जून २०२१ ला, एकूण २३ गावांबरोबर. त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. सरपंच नाही, सदस्य नाहीत. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. म्हणजे आम्ही नगरसेवक निवडलाच नाही, एकदाही नाही. मिळकतकर भरतो महापालिकेला. पाणी टँकरचं. ग्रामपंचायतीत निदान कुणाच्या तरी दारात जाऊन भांडता यायचं, सरपंचांच्या सूनबाई आमच्या भिशीत होत्या. आता क्षेत्रीय कार्यालयात गेलं की 'हे आमच्याकडे नाही, मुख्य खात्याकडे' आणि तिकडे गेलं की 'अजून हस्तांतरण झालेलं नाही'.

त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांचं काय झालं होतं तेही आठवा. लोहगाव ईशान्येला, धायरी नैऋत्येला, उंड्री दक्षिणेला. शहराच्या कडेने विखुरलेली ही सगळी गावं मिळून एकच प्रभाग केला, ४२ नंबरचा, आणि पोटनिवडणूक घेऊन दोन नगरसेवक दिले. ११ गावांना दोन! त्या दोघांनी नुसती फेरी मारायची म्हटलं तरी आख्ख्या पुण्याला प्रदक्षिणा झाली असती. पुढे त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची कंटाळून बाहेर पडली, त्यांची आता स्वतंत्र नगरपरिषद आहे.

आता खराडी-वाघोली असा प्रभाग झालाय. खराडीत आयटी पार्क, टॉवर, जुने मुरलेले राजकारणी. वाघोलीत खड्डे आणि आम्ही. चार जागा आहेत, त्यातली एक तरी वाघोलीकर असेल का? याची कुठेच खात्री नाही. आकड्यांची समानता ठीक आहे, पण दोन वेगवेगळ्या गरजांचे भाग एका रेषेत बांधले की ज्याच्याकडे मतं जास्त त्याचाच रस्ता आधी होतो.

स्नेहल_औंध
मृण्मयीताई, +१. यावर खरं तर वेगळा धागा हवा.

वडगावशेरीचा_बंड्या
खराडीला नावं ठेवायचं काम नाही. आमच्या रस्त्याला पण खड्डे आहेत. आयटीच्या दर्जाचे आहेत एवढंच.

निवृत्त_बाई
मी शिक्षिका होते आणि २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलंय, तेव्हाच्या हद्दीजवळच्या एका भागात. ती मोजणी आणि आजचे प्रभाग यांचा संबंध थोडा सांगते, कारण नकाशावरच्या रेषा अशा वेड्यावाकड्या का आहेत असं बरेच जण विचारतात.

आम्हाला प्रत्येकीला एक प्रगणक गट दिलेला असायचा. साधारण सहाशे-साडेसहाशे लोकवस्तीचा. आधी २०१० मध्ये घरयादी झाली, तेव्हा त्या गटाचा नजरी नकाशा हाताने काढायचा. नाला, देऊळ, पिठाची गिरणी, विहीर, बाण काढून घरांचे क्रमांक. मग ९ ते २८ फेब्रुवारी २०११ मध्ये दारोदार फिरून माणसं मोजली. प्रभागरचना करताना हे गट विटांसारखे रचतात. गट शक्यतो फोडायचा नाही असा नियम आहे, कारण फोडला तर त्याची अर्धी लोकसंख्या किती हे कुणालाच सांगता येत नाही.

आता काय झालंय बघा. माझ्या एका गटात ओढ्याच्या पलीकडे चार वस्त्या आणि नुसती शेतं होती. चालून चालून पाय दुखायचे आणि संध्याकाळी फॉर्म मोजले तर मूठभर. आज तिथे बावीस मजल्यांचे टॉवर आहेत. प्रभागाच्या हिशोबात तो गट अजून त्या मूठभर फॉर्मांचाच आहे. म्हणून कडेच्या भागात ८४ हजार भरायला लांबच लांब पट्टा घ्यावा लागतो, आणि त्या पट्ट्यात प्रत्यक्षात दीड लाख मतदार निघतात. मध्यवस्तीत त्याच गटातले लोक आता कमी झालेले असतात. यात कुणी मुद्दाम केलं असेल-नसेल ते मला ठाऊक नाही, पण नुसता नियम प्रामाणिकपणे पाळला तरी हाच निकाल येणार.

अवली_पाटील
बाई, फार छान. पण 'मुद्दाम केलं नसेल' यावर दोन शब्द. रेषा मुठा नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वे सांभाळून काढायची असते ना? आमच्याकडे मुख्य रस्त्याने जाणारी रेषा अचानक आत वळते, एक सोसायटी उचलते आणि परत रस्त्यावर येते. त्या सोसायटीत कोण राहतं हे आख्ख्या पेठेला माहीत आहे. नाव लिहीत नाही, संपादक जागे आहेत.

संपादक
जागेच आहोत. नावं, पक्ष, 'तुमचे ते' असं काही दिसलं की प्रतिसाद उडेल.

अवली_पाटील
सर्वसाधारण बोलतोय साहेब. २०२२ पासून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे आला. आता आयुक्त प्रारूप करतात, ते नगरविकास खात्यामार्फत आयोगाकडे जातं, शेवटची मान्यता आयोगाची. मधल्या टेबलावर किती पेन्सिली फिरतात ते मला विचारू नका.

निवृत्त_बाई
ती वळलेली रेषा प्रगणक गटाचीही असू शकते हो. २०११ ला तो गट तसाच पाडलेला असेल. हरकत घेतली का तुम्ही?

अवली_पाटील
घेतली होती. सुनावणीला बोलावलं, दोन मिनिटं बोलू दिलं, सही घेतली. रेषा आहे तिथेच आहे.

नकाशेवाला
माहितीसाठी : क्रमांक देण्याचीही दिशा ठरलेली असते. उत्तरेकडून सुरुवात, तिथून ईशान्य, मग पूर्व, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत. म्हणून १ नंबर कळस-धानोरीला आणि शेवटचा महंमदवाडी-उंड्रीला. सर्पाकार म्हणतात तसं. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत अशीही सूचना असते.

पेठेतलाच
म्हणजे साप उत्तरेकडून निघतो आणि दक्षिणेला पोचेपर्यंत पोट भरतं. म्हणूनच कात्रजला पाचवा नगरसेवक उरला वाटतं.

नकाशेवाला
१६५ ला चारने भाग जात नाही हो. कुठेतरी पाच येणारच. कात्रजलाच का, हे मात्र तुम्ही सापालाच विचारा.

दादरकर
तुमच्या चर्चेत मुंबई ओझरतीच आली म्हणून लिहितो. आमच्याकडे एक वॉर्ड एक नगरसेवक, २२७. महापालिकेचा कायदाच वेगळा, १८८८ चा. एकूण आकडा तोच ठेवून आत सरकवासरकव मात्र होते. २०१७ ला २०११ ची जनगणना पहिल्यांदा लागली तेव्हा शहर विभागातले सात वॉर्ड कमी झाले, पाच पश्चिम उपनगरांत गेले, दोन पूर्व उपनगरांत. आता शहरात ५६, पश्चिमेला १०२, पूर्वेला ६९. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, माणसं बोरिवली-मुलुंडला गेली आणि मागोमाग नगरसेवक गेले. दादर-परळच्या लोकांना फार लागलं ते. पण न्याय्य होतं. पुण्याचंही तसंच होईल, फक्त तुमची पेठ सूसला जायला २०२७ उजाडावं लागेल.

बंगळूरकर_जोशी
तरी तुमची निवडणूक होतेय. बंगळुरूत महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० ला संपली, त्यानंतर निवडणूकच नाही. दरम्यान वॉर्ड १९८ चे २४३ झाले, मग सरकार बदललं आणि २४३ चे २२५ झाले, आणि आता तर महापालिकाच मोडून पाच पालिका केल्यात. म्हणजे इतके वेळा वॉर्ड आखले आणि मत एकदाही मागितलं नाही. नकाशा काढणं हाच आमच्याकडे निवडणुकीला पर्याय आहे.

स्नेहल_औंध
दुसऱ्या प्रश्नावर येते. मला चारचा प्रभाग अजिबात आवडत नाही. ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा? पहिला म्हणतो ते काम दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणतो तिसऱ्याने निधी टाकलाय. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर मात्र चौघेही असतात, शिवाय इच्छुक आणि इच्छुकांचे चिरंजीव.

पैशाचाही मुद्दा आहे. अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेली कामं 'स' यादीत येतात. चार नगरसेवकांची यादी साठ हजार मतदारांच्या प्रभागात आणि चारच नगरसेवकांची यादी दीड लाखाच्या प्रभागात. एकाच शहरात आमच्या वाट्याला दरडोई निम्म्याहून कमी. हे मताच्या किमतीपेक्षा जास्त झोंबतं मला.

चिंतामणी
चारच्या बाजूनेही थोडं ऐका. पन्नास टक्के जागा महिलांना, १६५ मध्ये ८३. एकच्या वॉर्डात सोडत निघाली की काम करणाऱ्या नगरसेवकाचा वॉर्ड अचानक राखीव होतो, आणि मग तो बायकोला उभं करतो किंवा शेजारच्या वॉर्डात घुसतो. चारच्या प्रभागात महिला, ओबीसी, अनुसूचित जाती, खुला हे सगळं एकत्र बसतं. आणि मतदाराला चार मतं असतात. चारही एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही. मी २०१७ ला तीन पक्षांत वाटली होती.

स्नेहल_औंध
तुम्ही वाटली असतील काका. बाकीचा प्रभाग वरपासून खालपर्यंत एकच बटण शोधत जातो. चारच्या प्रभागात अपक्ष निवडून येणं किती अवघड आहे ते बघा. ८४ हजार लोकांपर्यंत एकटा माणूस पोचणार कसा? आणि आता तर दीड लाख. पॅनेल असेल तरच उभं राहायचं. सोसायटीत काम करणारी एखादी हुशार बाई वॉर्ड लढवू शकते, प्रभाग नाही.

जुना_पुणेकर
पुण्याने सगळं करून पाहिलंय. २००२ ला तीन सदस्य, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, २०२२ ला तीन ठरले पण निवडणूक नाही, आता पुन्हा चार. दर वेळी 'विकासासाठी' बदललं. ज्या सरकारला ज्या आकड्यात फायदा दिसतो तो आकडा विकासाचा. माझ्या घराचा पत्ता पन्नास वर्षांत बदललेला नाही, प्रभाग मात्र दर निवडणुकीला नवा. मागच्या वेळी ज्याला निवडून दिलं तो आता शेजारच्या प्रभागात उभा, त्याला जाब विचारायला मला मतच नाही. माझ्या मते लोकसंख्येपेक्षाही हा घोळ मोठा आहे. रेषा दहा वर्षांतून एकदा, जनगणनेनंतर, हलवा. मधे हात लावू नका.

कायद्याचं_बोला
जुन्या पुणेकरांशी पूर्ण सहमत. सदस्यसंख्या एक की चार हे कायम ठरवून टाकलं तर निम्मी ओढाताण संपेल. तेच कोणाला नको आहे.

सूसरोडवासी
चांगली चर्चा झाली. मी सुरुवातीला मतदारसंख्येच्या बाजूने झुकलेला होतो. चिंतामणी आणि निवृत्त बाईंचं वाचून वाटतं की गणना हाच पाया ठीक आहे, फक्त तिला शिळं होऊ देता कामा नये. दर दहा वर्षांची जनगणना सोळा वर्षांनी होते तिथे प्रभागरचनेला दोष देऊन काय उपयोग. आणि 'स' यादीचं स्नेहल म्हणते ते आज, आहे त्या कायद्यात सुधारता येईल. निधी नगरसेवकागणिक न देता प्रभागाच्या आजच्या मिळकतींच्या संख्येवर द्यायचा. मिळकतींचा आकडा महापालिकेकडे दर वर्षीचा ताजा असतो, कर घेताना कुणालाच २०११ आठवत नाही.

मृण्मयी_वाघोली
मिळकतींवर नको हो. आमच्याकडे निम्म्या मिळकतींची नोंदच अजून व्हायची आहे. परत आम्हीच शून्य.

गणित_काका
मग नळजोड?

मृण्मयी_वाघोली
काका, टँकर म्हटलं ना मी वर.

चिंतामणी
२०२७ ला प्रगणक येतील तेव्हा दार उघडा म्हणजे झालं. २०११ ला गेटवरच्या वॉचमनने 'साहेब बाहेर गेलेत' म्हणून कित्येक फ्लॅट सोडले असतील.

निवृत्त_बाई
असतील नाही, सोडले. मी तीन-तीनदा जायचे. चौथ्यांदा वॉचमनच चहा द्यायचा.

नवमतदार_०७
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. एकच विचारायचंय, माझं पहिलंच मतदान आहे. चार जागा म्हणजे चार वेळा बटण दाबायचं का? आणि मला एकच उमेदवार पसंत असेल तर?

नकाशेवाला
अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, प्रत्येकीची वेगळी मतपत्रिका यंत्रावर, वेगळ्या रंगाची. प्रत्येक गटात एक बटण दाबायचंच. कुणी पसंत नसेल तर त्या गटातलं 'वरीलपैकी कोणीही नाही'. चारही झाल्याशिवाय शेवटची शिट्टी वाजत नाही आणि मतदान पूर्ण होत नाही. शिट्टी ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका.

पेठेतलाच
आणि कात्रजला असाल तर पाचव्यांदा दाबा. आमच्या आत्या २०१७ ला पहिलं बटण दाबून थेट मिसळ खायला निघाल्या होत्या, केंद्राध्यक्षांनी दारातून परत आणलं.

नवमतदार_०७
धन्यवाद. माझा प्रभाग कोणता ते कुठे बघायचं?

अवली_पाटील
मतदार यादीत. तिथे सापडलं नाही तर शेजारच्या प्रभागाच्या यादीत बघ. आमची आख्खी गल्ली तिकडे निघालीये.